कानामागचा रंग

जेवणाची वेळ झाली की त्या घरातून कायमचा गेलेला माणूस परत यायचा.

आधी जिन्यावर वहाणा करकरायच्या. मग दाराशी घसा खाकरल्याचा आवाज यायचा, एकदा मोठा, एकदा लहान, अगदी थोरला खाकरायचा तसा. मग थोरली सून सुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून निघायची आणि तालमीच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबून म्हणायची, "बाबा, हे आलेत."

थोरला जाऊन अख्खा हिवाळा सरला होता.

धाकटीने फोनवर हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं होतं, आत्या वाढवून सांगतेय. आत्याला कुठलीही गोष्ट शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. पण आज बॅग अजून पायाशीच होती, हातपायही धुतले नव्हते, आणि जिन्यावर त्या वहाणा करकरल्या. क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला वाटलं, दादा आला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग भीती.

तालमीच्या खोलीत आता बाबांचा पलंग होता. भिंतभर आरसा, त्याच्याभोवती दिव्यांची चौकट, त्यातले निम्मे दिवे गेलेले. आरशावर जुना पडदा टाकला होता. बाबांना तसंही आकारांपलीकडे फारसं दिसत नव्हतं, तरी आत्या म्हणायची, आरसा चुगली करतो.

"उशीर केलास," बाबा म्हणाले. शब्द जिभेवरून ओढत आणावे लागत होते.

"सामान उतरवून घेत होतो बाबा. त्या पोरांच्या भरवशावर टाकलं की पेट्या उलट्या ठेवतात." आवाज थोरल्याचा. वाक्याच्या शेवटी किंचित खाली बसणारा, हसू गिळलेला. "तोंड उघडा बघू."

बाबांनी तोंड उघडलं. सूप गेलं. आणखी एक चमचा गेला.

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी मोरीपाशी एक चमचा धूत होती. चमचा केव्हाच स्वच्छ झाला होता. ती धूतच होती.

बाबांचं दुखणं थोरल्याच्या जाण्याआधीचं. झटका आला, उजवं अंग गेलं, नजर गढूळ झाली आणि आठवणींचं कापड ठिकठिकाणी विरलं. ते इस्पितळात होते तेव्हा त्यांची भूमिकाही थोरल्यानेच उचलली, आणि एका प्रयोगाच्या मध्यंतरात विंगेतच छाती धरून बसला तो उठलाच नाही. घरात ठरलं, बाबा जरा सावरले की सांगू. बाबा घरी आले, पण सावरायचं सोडून थोरल्याची वाट बघायला लागले. तो आला की जेवीन, एवढंच म्हणत. दात घट्ट मिटून पडून राहत. डॉक्टर पुन्हा नळी घालायचं म्हणू लागले. तेव्हा एका दुपारी दारातून मधला, काय करतोय हे कळायच्या आत, दादाच्या आवाजात बोलून गेला, "बाबा, आलो मी. जेवा."

बाबा जेवले. सगळे रडले. दुसऱ्या कुठल्या घरात हे एखाददुसऱ्या वेळी जमलं असतं आणि मग उघडं पडलं असतं, चार शिव्या, चार आसवं, आणि जे खरं ते समोर आलं असतं. पण हे घर नटांचं. मधल्याची नक्कल म्हणजे आरशाने शिकवणी लावावी अशी. इथे खोटं वठत गेलं, आणि वठतंय म्हणून चालत गेलं.

बाबांचा डोळा लागला तेव्हा बाकीचे जेवायला बसले. बाहेर आभाळ मळकं होतं आणि टेबलावर दिवसाही दिवा लावावा लागला होता.

"मीठ दे गं," मधला म्हणाला.

वहिनीचा हात मिठाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"बघितलंस?" आत्याने कौतुकाने मान हलवली. "कसा मुरलाय!"

"आत्या," धाकटी म्हणाली, "तो आता बाबांच्या खोलीत नाहीये."

मधल्याने स्वतःच उठून मीठ घेतलं. त्याच्या नाकावर दादाचा चष्मा होता. नंबर वेगळा असणार, कारण मीठ घेताना त्याचा हात बरणीच्या बाजूला पडला.

आत्या या घराची जुनी नायिका. गुडघे गेले तरी पाठ ताठ होती. तिने ताट बाजूला सारलं. "हे बघ धाकटे, तुला उगाच नाही बोलावलं. याच्या गोष्टी संपत आल्यात. बाबा जुन्या प्रयोगांचं विचारतात, दौऱ्यांचं विचारतात, तेव्हा हा अडखळतो. तू ते शिकलीस ना, नाटकाचं औषध. जरा नीट बसवून दे. चार प्रवेश बांधून दे म्हणजे पुढचं वर्ष निघेल."

"पुढचं वर्ष?"

"मग? जगवायचं नाही का त्याला?"

"मी घरच्यांवर उपचार करत नाही आत्या. आमच्यात कुणीच करत नाही. मी इथे मुलगी म्हणून आलेय."

"मग मुलगी म्हणून गप्प बस आणि जेव. एवढं शिकलीस कशाला मग, देव जाणे."

हा प्रश्न या घरात नवा नव्हता. धाकटीला नाट्यशाळेत घातलं होतं बाबांनीच. मुलगी शिकून येईल, घरच्या नाटक कंपनीला नवं रक्त मिळेल. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गाने मनोरुग्णालयात एक नाटक केलं. ती आई झाली होती, जिचा मुलगा शेवटी घरी येतो. टाळ्या पडल्या. रंग पुसायला निघाली तर वॉर्डातल्या एका बाईने तिचं मनगट धरलं. "तुझा लगेच आला गं. एवढ्या लवकर येत नाहीत. परत कर. आणि या वेळी त्याला उशीर होऊ दे." मग कॉरिडॉरमध्ये, दिव्यांशिवाय, धाकटीने तो प्रवेश पुन्हा केला. दाराकडे किती वेळ बघायचं, कधी आशा सोडायची, अंथरूण घडी करून कुठे ठेवायचं, सगळं त्या बाईने सांगितलं. त्या प्रयोगात मुलगा आलाच नाही. "हां," बाई म्हणाली, "असं." आणि जेवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

चमत्कार काही झाला नाही. पण त्यानंतर धाकटीला साध्या रंगमंचावर उभं राहवेना. बरोबरचे सिनेमावाल्यांकडे खेपा घालू लागले, आणि ही पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन मनाचं शास्त्र शिकली. एका शिक्षिकेच्या नजरेखाली वॉर्डातून बसली. नाटक कुणी बघण्यासाठी नसून ज्याचं दुखतंय त्याच्या हाती सूत्रं देण्यासाठी असतं, हे हळूहळू अंगात भिनवलं. आता एका मोठ्या इस्पितळात तिची नोकरी होती. दारू सोडू बघणारे, वाचा गेलेले, आईबाप गेलेली मुलं तिच्याकडे येत. बाबांनी एकदाच विचारलं होतं, "प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, पडदा नाही. हे कसलं नाटक?" त्यानंतर त्यांनी तिच्या कामाचा विषय काढला नाही आणि तिनेही नाही.

एक गोष्ट मात्र तिला त्यांना सांगायची होती, ती राहूनच गेली. शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ज्याला भूमिकेत नेलं त्याला बाहेर आणल्याशिवाय खोलीचं दार उघडायचं नाही. हात झटकायला लावायचे, खुर्ची सोडायला लावायची, स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायला लावायचं. बाकीची मुलं लिहून घेत होती आणि धाकटीच्या नाकात खोबरेलाचा वास भरला होता. कारण हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. कंपनीची रीतच होती. प्रयोग संपला की प्रत्येक नट मालकापुढे येऊन बसायचा, आणि बाबा तेलाच्या फडक्याने त्याचा रंग स्वतः पुसायचे. राजा असो, भालदार असो. पुसताना बोलायचे नाहीत. चेहरा उघडा झाला की त्याला घरच्या नावाने हाक मारायचे, "चल रे अमक्या, घरी जा." ती हाक मिळाल्याशिवाय कुणी थिएटरबाहेर पडत नसे; लांब मानेचा मधलाही 'बगळ्या' ऐकूनच निघायचा. आत्या दिवा धरून उभी असायची आणि गुणगुणायची:

रंग चढला गालाला, नाव ठेवलं दाराशी,
रंग उतरला तसं नाव धावलं उराशी.

पण हे सगळं आता टेबलावर, मिठाच्या बरणीवरून, कसं सांगायचं.

दुपारी ती कपडेपटाच्या खोलीत गेली. लग्न होऊन आल्यापासून ही खोली वहिनीची. ती मखमलीच्या अंगरख्याचं अस्तर उसवत बसली होती.

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. हाताला काम हवं." वहिनीने मान वर केली नाही. "धाकटे, परवा मी इथेच होते. दारातून आवाज आला, 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' यांचा आवाज. बाबांच्या खोलीत नाही, इथे. आणि मी उठले आणि शोधायला लागले." तिची सुई थांबली. "शोधत होते गं. खुर्चीखाली वाकून बघितलं. किती वेळ कोण जाणे. मग उठून बघितलं तर दारात मधले भाऊजी, आणि चष्मा त्यांच्या नाकावर."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? ते माझ्याहून जास्त घाबरले होते."

धाकटी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "मी रडलेच नाही अजून. कधी रडू? सकाळ झाली की यांच्या यायची तयारी करायची असते."

मधला जिन्याच्या वरच्या पायरीवर सापडला, वहाणा हातात घेऊन.

"नकल्या."

"अं."

"काय चाललंय तुझं?"

तो हसला. हसणंही दादाचंच होतं, अर्धं गिळलेलं. "कोपऱ्यावर चहा मागायला गेलो. तोंडातून आवाज निघाला तो हा. म्हटलं, आपला काढावा. आठवेना गं. आपला कसा होता?"

"घोगरा. आणि फार बडबडा."

"एक विचारू? तुमच्याकडे असं झालेलं माणूस येतं?"

"येतात. पण तू माझा पेशंट नाहीस. भाऊ आहेस. तुझ्यासाठी मी दुसऱ्या कुणाशी बोलेन, ते वेगळं. पण आजचं आज करायचं, ते बाबांची पोरं म्हणून करायचं. ते थांबवायला हवं."

"मी थांबवलं आणि बाबा गेले, तर?" त्याने वहाणांच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "दादाला दोनदा पोचवल्यासारखं होईल. दुसऱ्यांदा माझ्या हातून."

जाऊ शकतात, हे तिला ठाऊक होतं. वॉर्डात तिने अशी माणसं बघितली होती, एका बातमीने विझलेली. ती म्हणाली, "होय, तसंही होऊ शकतं. पण आत्ता ते कुणाच्या हातून जेवतायत हे त्यांना माहीत नाही, आणि तू कोण म्हणून भरवतोयस हे तुला. त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही आपण. त्यांच्यापुढे जाऊन बसायचं, रंग पुसून घ्यायला. बाकी त्यांच्यावर. तू हो म्हणालास तरच. आणि वहिनी."

मधल्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "डोकं दुखतं गं याने," तो म्हणाला, आणि त्यातला एखादा शब्द घोगरा निघाला.

संध्याकाळी खिडकीतला उजेड राखेसारखा झाला होता. आत्याने तेलाचा डबा पाहिला आणि दारात आडवी उभी राहिली.

"हे काय मांडलंयस?"

"आत्या, बाजूला हो."

"मारशील माझ्या भावाला. पुस्तकं वाचून आलीस आणि…" तिचा आवाज चिरकला. मग तो एकदम खाली आला, शेवटच्या रांगेचं भान सुटलं. "माझ्यासाठीही येतो गं तो. जेवायच्या वेळेला. मी डोळे मिटून ऐकते. तेवढंही घेशील?"

धाकटीची तिच्या तोंडून हे ऐकायची तयारी नव्हती. तेव्हा मागून वहिनी आली आणि तिने धाकटीच्या हातातून तेलाचा डबा घेतला. "आत्याबाई," ती म्हणाली, "माझ्यासाठी नका आणू त्यांना. मला नाही झेपत आता."

आत्याने सुनेकडे पाहिलं, जणू हिवाळ्यापासून पहिल्यांदाच. मग ती दारातून सरकली.

आज वहिनीने हाक दिली नाही. मधला अनवाणी आत आला आणि पलंगाशेजारच्या ठेंगण्या स्टुलावर बसला. धाकटीने फडकं तेलात बुडवून बाबांच्या डाव्या हातात दिलं.

"बाबा, प्रयोग संपला. रंग पुसायचा राहिलाय."

बाबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी फडकं ओळखलं. उजवा हात उठायला गेला, उठला नाही, मग डावा पुढे आला आणि समोरच्या चेहऱ्यावर टेकला.

चेहऱ्यावर रंग नव्हताच. तरी ते रीतीने पुसत गेले, आधी कपाळ, मग भुवया, नाकाच्या दोन्ही कडा. खोलीत तेलाचा वास पसरला. मधल्याचे डोळे मिटलेले होते. हनुवटीपाशी बाबांचा हात थांबला. थोरल्याच्या हनुवटीला खळी होती. बोटं तिथे शोधत राहिली. मग खाली उतरली, लांब मानेवर, आणि त्या मानेला धरून राहिली.

"बगळ्या," बाबा म्हणाले.

मधल्याच्या घशातून आवाज निघाला. घोगरा, फाटका, त्याचा. "हो बाबा."

"किती… वाळलास."

"हो."

"चल. घरी जा."

मधला उठला नाही. त्याने डोकं बाबांच्या गुडघ्यावर टेकलं आणि लहान मुलासारखा आवाज न आवरता रडला. बाबांचं फडकं त्याच्या केसांवर तसंच राहिलं. ते कुणाकडे बघत नव्हते, किंवा त्यांना कुणी दिसत नव्हतं. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, उजेडाचा एक पट्टा पडद्यावरून सरकला आणि पडद्यामागचा आरसा क्षणभर मंद चमकून विझला.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आणि थोरल्याचा?"

धाकटी पुढे झाली. वाक्य तिने दुपारपासून तयार ठेवलं होतं, साधं, सरळ, जसं ती इतर घरांतल्या लोकांना शिकवते तसं. ते तोंडाशी आलं आणि अडकलं.

"थोरल्याचा," बाबा पुन्हा म्हणाले, एकेक शब्द ओढत, "रंग… कुणी पुसला?"

हा प्रश्न धाकटीने तयार ठेवलेला नव्हता. तिला कधी सुचलाही नव्हता. तिने आत्याकडे पाहिलं, आत्याने भिंतीकडे.

"मी," उंबऱ्यातून वहिनी म्हणाली.

ती आत आली. तेलाचा डबा अजून तिच्या हातात होता. "इस्पितळात. मध्यंतरातच नेलं ना, तसेच रंगात होते. तेल नव्हतं तिथे. नर्सबाईंनी कापूस दिला, पाणी दिलं. पाण्याने तो रंग निघत नाही, बाबा." ती थांबली. "घाई करत होते ते लोक. चेहरा झाला. पण कानामागे थोडा राहिला."

"डाव्या?"

"डाव्या."

बाबांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले. गालावरून पाणी उतरून मानेच्या सुरकुत्यांत मुरलं. ते पुसायला त्यांच्या हातात फडकं होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

"तिथे राहायचाच त्याच्या," ते म्हणाले. "माझ्याकडूनही… कधी निघाला नाही."

तेव्हा वहिनीच्या तोंडून पहिला हुंदका निघाला. इतका मोठा, की ती स्वतःच दचकली. डबा खाली ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. धाकटी जागची हलली नाही. तिच्या कामात अशा वेळी काय करायचं हे ती हाताखालच्या शिकाऊ मुलांना शिकवायची: काही नाही, फक्त दार लावून घ्यायचं. ती मागे सरली आणि तिने हलकेच दार लोटलं.

स्वयंपाकघरात सूप गार झालं होतं. आत्याने ते दोनदा गरम केलं आणि दोनदा ते गार झालं. तिसऱ्यांदा ती शेगडीशी गेली नाही. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. उद्या जेवतील का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आत, अंधारात, म्हातारा एका हाताने तेलाच्या फडक्याची घडी घालू बघत होता. घडी पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी सुनेने न बोलता पलीकडची दोन टोकं धरली.